आवाज ओळखू आला नाही

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी संध्याकाळी मी माझ्याच घराच्या फाटकासमोर गाडीत बसून होतो आणि फाटक उघडत नव्हतं. तसं यात काही विशेष नाही. फाटक बंद असलं की माणूस उतरतो, कडी काढतो, गाडी आत घेतो. जगभर असंच चालतं. पण आमच्या घरी बावीस वर्षांत असं झालेलं नाही. गाडी गल्लीच्या तोंडाशी पिठाच्या गिरणीजवळ वळली की आईला आत स्वयंपाकघरात कळतं. ती गॅस बारीक करते, हात पुसत बाहेर येते, आणि मी फाटकाशी पोचतो तेव्हा एक बाजू उघडलेली असते नि दुसरीला तिचा हात लागलेला असतो. हे तिला कधी कुणी सांगितलेलं नाही. पूर्वी बाबा गाडी चालवायचे तेव्हाही हेच, आता मी चालवतो तेव्हाही हेच. घरात पाहुणे असोत, टीव्हीवर मालिका असो, नाहीतर गल्लीत गणपतीचा मांडव असो. त्या मंगळवारी मी एक मिनिट थांबलो, मग आणखी एक. स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा होता. लसणाच्या फोडणीचा वास रस्त्यापर्यंत येत होता. शेवटी हॉर्न वाजवला. स्वतःच्या घरासमोर हॉर्न वाजवताना आपण वर्गणी मागायला आलोय असं वाटलं.

आई बाहेर आली ती पायरीवरच थबकली. "तू होतास होय? मला वाटलं गिरणीवाल्याचा टेम्पो लागला." मग फाटक उघडलं, गाडी आत येईपर्यंत बाजूला उभी राहिली आणि बॉनेटकडे बघत म्हणाली, "काय झालंय रे हिला? धाप लागल्यागत करायलीय."

पाच हजार तीनशे रुपये मोजून मी गाडीला धाप लावून घेतली होती.

गाडी म्हणजे आमची मारुती एस्टीम. 2003 च्या दसऱ्याला घेतलेली, पांढरी, व्हीएक्सआय. 1298 सीसी, सोळा व्हॉल्व्ह, कागदावर 85 बीएचपी. ज्यांनी ती चालवलीय त्यांना पुढचं सांगायला नको, आणि ज्यांनी चालवली नाही त्यांना सांगून पटायचं नाही. 2007 मध्ये ती निघायची बंद झाली, तोवर आमच्या गल्लीत चार होत्या, आता एक. 2018 मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा पुन्हा पासिंग करून घेतलं, त्या वेळी फी 600 रुपये होती. 2023 मध्ये ती 5000 झालेली. बाबांनी तो आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि म्हणाले, "भर. घरात म्हातारं माणूस असलं की खर्च येतोच." ते गाडीबद्दल बोलत होते की स्वतःबद्दल, हे मी विचारलं नाही. पासिंगला गाडी नेली त्या दिवशी त्यांनी तिला आदल्या रात्री स्वतः धुतलं, चाकांच्या वाट्यासुद्धा पुसल्या. मुलगी बघायला येणार असल्यासारखी लगबग.

पण धाप लावायचं खूळ या सगळ्याच्या आधीचं. कॉलेजात असताना आम्ही रात्री जेवण झालं की रंकाळ्यावर जायचो आणि कठड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना नावं ठेवायचो. आमच्यातल्या एकाच्या थोरल्या भावाकडे एस्टीमच होती, अगदी आमच्यासारखी, पण त्यानं बॉनेटखालचा एअर फिल्टरचा काळा डबा काढून तिथे उघडा फिल्टर बसवला होता. शंकूच्या आकाराचा, तांबडा, टोकाला चकचकीत टोपी. गाडी उभी असताना काही कळायचं नाही. पण संध्यामठाच्या बाजूनं तो दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून निघाला की एक आवाज यायचा. सायलेन्सरचा नव्हे. सायलेन्सरचा आवाज गाडी गेल्यावर मागे उरतो. हा गाडीच्या आधी यायचा, पुढून, पोटातून. देवळात शंख फुंकण्याआधी गुरव छाती भरून घेतो, तो श्वास मोठ्यानं ऐकू येत असता तर असा आला असता. मला तो आवाज हवा होता. गाडी बाबांची होती, त्यामुळे नुसता हवा होता. वीस वर्षं.

आता हे लिहिताना मला पुरतं ठाऊक आहे की बुलेटचे सायलेन्सर बदलून रात्री अकराला गल्लीत फटाके फोडणाऱ्या पोरांना मी मनापासून शिव्या देतो. पोलिसांनी असले सायलेन्सर रस्त्यावर अंथरून त्यांवर रोडरोलर फिरवला, की पेपरातला तो फोटो मी चहाबरोबर चवीनं बघतो. माझं वेगळं आहे, मी जो आवाज म्हणतोय तो फक्त गाडीत बसलेल्याला ऐकू येतो, अशी माझी समजूत होती. त्या पोरांचीही काहीतरी समजूत असणारच.

गेल्या दिवाळीच्या आधी सर्व्हिसिंगला जुना कागदी फिल्टर निघाला, तेव्हा मिस्त्रीनं तो कचऱ्यात टाकायच्या आत मी मागून घेतला. बाबांची शिस्त अशी, की दर पाच हजार किलोमीटरला फिल्टर काढायचा आणि पंक्चरवाल्याकडून हवा मारून घ्यायची. हवा नेहमी आतल्या अंगानं बाहेर. बाहेरून मारली तर धूळ कागदात आणखी रुतते. हे त्यांनी शहरातल्या निदान तीन पंक्चरवाल्यांना शिकवलंय. तर तो फिल्टर घेऊन मी गच्चीत बसलो आणि कागदाच्या घड्या एकेक उलगडत गेलो. आत काळी काजळी होती, उसाच्या पाचटाची. सिझनला फड पेटवले की आमच्याकडे संध्याकाळी आभाळातून काळी पिसं पडतात, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतात, हात लावला की विरघळतात, ती ही. एका बाजूच्या घड्यांत कोकणातली तांबडी धूळ होती, मे महिन्यातल्या खेपेची. भाताचं तूस होतं. पंख होते, मुंग्यांचे असावेत. एका घडीत अगदी लहान, करडं पीस. एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण नऊ हजार लिटर हवा लागते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीतली सगळी हवा जेमतेम तीन लिटर पेट्रोलला पुरते; म्हणजे कोल्हापूरहून पुण्याला एकदा जायचं तर पाच खोल्या भरून हवा आत घ्यायची. गाडीला पेट्रोल किती पाजलं याचा हिशेब बाबांनी 2003 पासून डायरीत ठेवलाय, तारीख, लिटर, किलोमीटर, अॅव्हरेज. हवा फुकट, म्हणून तिचा हिशेब नाही. तो या घड्यांत होता.

तिथेच ते बंद करायला हवं होतं. पण फिल्टर हातात घेऊन बसलेल्या माणसाला दुसराच फिल्टर आठवला. जानेवारीत मी तो मागवला.

आमच्याकडे असली कामं शिवाजी उद्यमनगरात होतात. तिथे काय होत नाही असं विचारावं. एका शेडमध्ये पंपाची बॉडी ओततात, दुसऱ्यात ती लेथवर चढते, तिसऱ्यात कुणीतरी कुणाच्या तरी बंद पडलेल्या जर्मन मशिनचा दाता हातानं घासत बसलेला असतो. मोल्डिंगच्या वाळूचा आणि कटिंग ऑइलचा मिळून जो वास येतो तो मला लहानपणापासून दुपारचा वास वाटतो. आमचा मिस्त्री साठीचा. त्यानं फिल्टर हातात घेतला, आतून बोट फिरवून बघितलं, बोटाला लागलेलं तांबडं तेल चड्डीला पुसलं. कापडाच्या थरांचा फिल्टर आहे, तेलामुळे धूळ धरतो, धुवायचा, सावलीत वाळवायचा, पुन्हा तेल द्यायचं, कागदासारखा फेकायला लागत नाही, वगैरे मी सांगत होतो. तो म्हणाला, "अॅव्हरेज वाढणार न्हाई." मी म्हटलं, माहीत आहे. "पिकअपबी लै काय वाढणार न्हाई." माहीत आहे. "मग कशाला?" मी जरा ओशाळून म्हटलं, आवाजासाठी. मिस्त्रीचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग बरोबर हाय," तो म्हणाला आणि दहा नंबरचा पाना शोधायला लागला.

माझ्या मनात मात्र याहून मोठा बेत होता. उघडा फिल्टर इंजिनशेजारी ठेवला तर तो बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो, म्हणून खरे शौकीन लांब पाइप लावून फिल्टर खाली बंपरच्या मागे नेतात, तिथे थंड हवा मिळते. हे मी मिस्त्रीला कागदावर काढून दाखवलं. त्यानं पाना खाली ठेवला. "भावा, पंचगंगा कुठनं वाहती, माहीत हाय न्हवं?" आमच्याकडे हा प्रश्न विचारला की पुढे काही बोलायची सोय नसते. राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट ही धोक्याची पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि 2021 च्या जुलैत त्याहूनही वर. पाणी उतरल्यावर महिनाभर या शेडबाहेर गाड्या रांगेनं उभ्या होत्या, काचांवर आतून चिखलाच्या रेघा. पुरात उभ्या असलेल्या गाड्यांचं एकवेळ निभावलं. ज्यांनी "एवढ्यातून निघेल" म्हणून पाण्यात घातल्या, त्यांची इंजिनं गेली. इंजिन हवेबरोबर पाणी ओढतं, हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही; पिस्टन वर येता येता अडतो आणि त्याला जोडलेला दांडा, कनेक्टिंग रॉड, वाकतो. मिस्त्रीकडे असा एक वाकलेला रॉड अजून खिळ्याला टांगलेला आहे. बाजूला गणपतीचं कॅलेंडर. "डब्याचं तोंड वर ठेवणारा इंजिनेर काय खुळा हुता व्हय?" असं म्हणून त्यानं माझा कागद घडी करून खिशात घातला, परत दिला नाही.

मग साधं काम उरलं. म्हणजे साधं असं मला वाटलं होतं. डब्याच्या स्प्रिंगच्या क्लिपा सुटल्या, तीन बोल्टांपैकी दोन निघाले, तिसरा बावीस वर्षांच्या संसारातून उठायला तयार नव्हता. त्याला तेल सोडलं, चहा झाला, पुन्हा तेल सोडलं. डबा बाहेर आला तेव्हा बॉनेटखाली एक भोकाड पडलं, दात काढल्यासारखं. त्यातून खालची जमीन दिसत होती, बोल्टाची बुशिंगं रबराची राहिली नव्हती, सुपारी झाली होती. फिल्टरचं तोंड आणि थ्रॉटलकडे, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेकडे, जाणारा होज यांचे व्यास तीन मिलिमीटरनी जुळेनात, म्हणून शेजारच्या लेथवर अॅल्युमिनियमची कडी कातून आणली, लेथवाल्यानं पैसे घेतले नाहीत, फक्त "कुठल्या पंपाची?" एवढंच विचारलं. इंजिनच्या डोक्यावरून एक बारीक पाइप डब्याकडे यायचा, क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनच्या पोटातली, तेलकट वाफ परत आत ओढली जावी म्हणून. तो तसाच उघडा सोडणारे पुष्कळ आहेत; मिस्त्रीनं नवीन पाइपला भोक पाडून, नोझल बसवून तो रीतसर जोडला. "बाहेर सोडला की तेल उडतंय, वास येतोय आणि बायकू गाडीत बसत न्हाई." शेवटी उष्णता अडवायला आडोसा हवा होता. त्यानं मागून गोडेतेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा आणला, पत्रा कापला, कडा मुडपल्या, रबराची पट्टी चढवली. आतल्या बाजूला शेंगदाण्याच्या चित्राचा अर्धा भाग अजून दिसतो. साडेतीन तास गेले.

यात कायदा कुठे आला, असं कुणी विचारेल. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की गाडीच्या मूळ रचनेत कंपनीनं दिल्यापेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत. एअर फिल्टर बदलणं त्यात बसतं का, यावर मी दोन संध्याकाळी वाद घातला. स्वतःशीच. दोन्ही वेळा मीच जिंकलो.

पहिल्यांदा चालवली ती पन्हाळ्याच्या रस्त्यावर, सकाळी सहाला, एकटाच. गाव संपेपर्यंत काहीच नाही. हलक्या पायानं गाडी पूर्वीसारखीच गप्प. थ्रॉटल मिटलेला असतो तोवर आतला आवाज बाहेर यायला वाटच नसते. चढ सुरू झाला, तिसरा गिअर, पाय खाली नेला, आणि आला. रंकाळ्यावरचा. डॅशबोर्डच्या मागून, गुडघ्यांना जाणवेल इतका खालचा, मग चढत, भरत जाणारा. मी मोठ्यानं हसलो. वय वर्षं एकेचाळीस, शेजारच्या सीटवर ऑफिसची बॅग, आणि मी एका वळणावरून दुसऱ्या वळणापर्यंत पाय सोडतोय, दाबतोय, सोडतोय, दाबतोय, लहान मूल पाण्याचा नळ उघड-बंद करतं तसं. झाडांच्या मधून खाली धुकं पसरलेलं. काच खाली केली तर आवाज कातळाला आपटून परत आत येत होता.

गाडी जोरात पळत होती का? मला तेव्हा छातीवर हात ठेवून "हो" म्हणता आलं असतं. म्हणूनच मोजायचं ठरवलं. मित्राला शेजारी बसवून, मोबाइलवरचं स्टॉपवॉच त्याच्या हातात देऊन, तिसऱ्या गिअरमध्ये 40 वरून 80 ला जायला किती वेळ लागतो ते पाहिलं. नवा फिल्टर लावायच्या आधी पाच वेळा केलं होतं, नंतर पाच वेळा. फरक निघाला तो मित्राच्या अंगठ्याच्या चुकीएवढा. मग फिशटँकला लावतात तो वायरचा थर्मामीटर फिल्टरच्या तोंडाशी चिकटवला आणि आकडा दिसेल असा काचेशी ठेवला. बाहेर 34 अंश असताना, आडोशाचा पत्रा काढून, दसरा चौकातल्या सिग्नलला 61, हायवेला पळताना 41. शेंगदाण्याच्या डब्याचा पत्रा लावूनही सिग्नलला 54. हवा 34 वरून 61 वर गेली की साधारण आठ टक्के विरळ होते. म्हणजे सिग्नल सुटताना, मी कान टवकारून आवाजाची वाट बघत असताना, इंजिनला आधी मिळत होती त्याहून कमी हवा मिळत होती. जास्त श्वास घेतल्याचा आवाज आणि श्वास मात्र कमी. आई फिजिक्स शिकलेली नाही. ती "धाप" म्हणाली होती.

काढलेला डबा मी पोत्यात घालून घरी आणला होता. एका रविवारी तो गच्चीत धुतला. आजवर मी त्याच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. काळा, बोजड, बॉनेटखालची जागा अडवणारा, कंपनीनं स्वस्तात केलेला, असं माझं मत. त्याच्या नळीला एका बाजूला एक बंद खोका जोडलेला होता. आत जायला भोक, बाहेर पडायला काही नाही. हवेच्या वाटेवर नसलेली एक आंधळी खोली. ही कशाला ते कळायला मला बराच वेळ लागला. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते, एकाच स्वरात. बाटली बदला, स्वर बदलतो. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात असेच पोकळ गोळे करून त्यांच्या मदतीनं मिश्र आवाजातले सूर वेगळे ओळखले होते. गाडीतला तो खोका म्हणजे तीच बाटली. दर सेकंदाला अनेकदा व्हॉल्व्ह उघडतात, हवेला हिसके बसतात, ते हिसके नळीतून उलटे बाहेर येतात आणि आपल्याला आवाज होऊन ऐकू येतात. त्यांतला जो सूर सर्वांत त्रासाचा, तेवढ्याच मापाची ही खोली, आणि ती तो आपल्या अंगात जिरवते.

मिरज आमच्यापासून पन्नास किलोमीटरवर. तिथल्या तंबोरे करणाऱ्यांच्या माडीवर मी एकदा गेलो होतो, भिंतीला भोपळे टांगलेले, मंगळवेढ्याकडून आलेले, वाळवलेले, कुणाचं पोट किती आणि कडा किती जाड यावरून कुठला मर्दानी नि कुठला जनानी हे कारागीर टिचकी मारून सांगत होता. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पोकळीला सूर असतो हे या माणसांना हेल्महोल्ट्झनं सांगावं लागलं नाही. फरक एवढाच, की मिरजेचा भोपळा सूर वाढवून बाहेर देतो आणि माझ्या हातातला काळा प्लॅस्टिकचा भोपळा तो गिळतो. कुठेतरी एखादा इंजिनिअर एस्टीमच्या आवाजाचा आलेख समोर घेऊन बसला असणार, खोका अर्धा इंच वाढव, नळी जरा आखूड कर, असं करत. त्याच्या टेबलावर चहा गार झाला असणार. आणि त्यानं जुळवून दिलेला तो जेमतेम आवाज, तो नेमका, तेवढाच, बावीस वर्षं संध्याकाळी गिरणीजवळून वळून आमच्या स्वयंपाकघरात जात होता.

आईचा कान घडला कुठे, हे मला लहानपणापासून माहीत होतं, जोडलं नव्हतं इतकंच. तिचं माहेर शिरोळ तालुक्यात, नदीकाठी. मी सुट्टीत जायचो तेव्हा विजेच्या पंपांना वर्षं झाली होती, पण वीज भरवशाची नसायची आणि मळ्यांत जुनी ऑइल इंजिनं अजून चालायची. रात्री अंगणात अंथरुणं पडलेली, सगळे आडवे झालेले, आणि लांबून सुरू व्हायचं, पुक्... पुक्... पुक्पुक्पुक्. आजी उशीवरून डोकं न उचलता म्हणायची, "खालच्या मळ्यातलं लागलं." थोड्या वेळानं दुसऱ्या दिशेनं दुसरं. "हे आपलं." एकदा मध्येच ती उठून बसली आणि आजोबांना हाक मारली, "अहो, ठोका चुकायलाय." आजोबा कंदील घेऊन गेले. मला सगळी इंजिनं सारखीच वाटत होती, पण आई माझ्या शेजारी पडून हळूच म्हणाली, "दर चौथ्याला अडखळतंय बघ." मग मलाही ऐकू आलं. काळ्या अंधारात, एक किलोमीटरवरून.

बाबांचं वेगळं. ते पहिल्यांदा बसले तेव्हा मी जाणूनबुजून हळू चालवत होतो. ताराबाई पार्कपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो डबा टाकला नाहीस ना?" माळ्यावर आहे, म्हटलं. "असू दे." एवढंच. मी वाट बघत होतो की रागावतील; माझ्याकडे आकडे तयार होते, थर्मामीटरसकट. रागावले नाहीत. दोन आठवड्यांनी जोतिबाला जाताना, चढावर, पुढे उसाची रिकामी ट्रॉली आणि समोर मोकळा रस्ता, त्यांनी खिडकीची काच अर्धी खाली केली, कोपर बाहेर टेकवलं आणि समोर बघत म्हणाले, "जरा दाब की." ज्या माणसानं आयुष्यात 70 च्या वर काटा नेला नाही, ज्यानं मला गाडी शिकवताना ऍक्सिलेटरवर अंडं ठेवलंय असं समज म्हणून सांगितलं होतं, त्या माणसानं. मी दाबली. ट्रॉली मागे गेली. बाबा काही बोलले नाहीत, पण काच घरी येईपर्यंत तशीच होती. परत आल्यावर त्यांनी डायरी काढली आणि पेट्रोलच्या रकान्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलं: "नवा फिल्टर, आवाज मोठा. बरा आहे." अॅव्हरेज त्यांच्या हिशेबानं अर्ध्या किलोमीटरनं कमी झालं होतं. ते उतरलेलं अॅव्हरेज पायाचं होतं की हवेचं, ते लिहिलेलं नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस आला. दुसऱ्या सकाळी मी बॉनेट उघडलं तर फिल्टरच्या तांबड्या कापडावर पाण्याचे बारीक थेंब बसले होते, पुढच्या जाळीतून उडालेले. पुराचं पाणी नव्हे, साधे शिंतोडे. इंजिनला त्यानं काही झालं नसतं. पण खिळ्याला टांगलेला तो रॉड डोळ्यांसमोर आला. रविवारी माळ्यावरून डबा काढला. क्लिपांना कुणीतरी ग्रीस लावून ठेवलं होतं. मी लावलं नव्हतं. आत नवा कागदी फिल्टर घातला, नवी बुशिंगं, आणि तिसऱ्या बोल्टाच्या जागी नवा बोल्ट. तांबडा फिल्टर धुवून, वाळवून, तेल न लावता, वर्तमानपत्रात गुंडाळून डब्याच्या जागी माळ्यावर ठेवला. गाडी सुरू केली. इतकी गप्प, की सुरू झाली की नाही म्हणून मी हात बॉनेटवर ठेवून बघितलं.

सोमवारी ऑफिसमधून परतताना पाऊस बारीक लागून राहिला होता. गिरणीजवळ वळलो. मनाशी मी त्या संध्याकाळची थोडी वाट बघत होतो हे कबूल करतो. फाटकाची एक बाजू उघडलेली, दुसरीला आईचा हात. फाटक बंद होतं. खिडकीत दिवा, वायपरची खरखर, आतून कुकरची शिट्टी. मी हॉर्नवर हात ठेवला आणि काढून घेतला. मार्चच्या मध्यापासून ती पुन्हा फाटकाशी येऊ लागली होती. पहिल्यासारखीच, मी पोचायच्या आत. ते मला एकदाही जाणवलं नव्हतं.

मी उतरणार तेवढ्यात दार उघडलं. ती बाहेर आली होती दोरीवरचा राहिलेला टॉवेल काढायला. मला बघून तिथेच थांबली.

"अगं बाई, कधी आलास? मी कधीची कान लावून बसलेय. धापेचा आवाज कसा आला नाही?"

"डबा बसवला परत."

तिनं टॉवेल डोक्यावर धरला, फाटकाशी आली, कडीला हात लावला आणि काढली नाही. मान जराशी कलती करून उभी राहिली, अंगणात अंथरुणावर पडल्या पडल्या असायची तशी. इंजिन सुरूच होतं. पाऊस टॉवेलवर पडत होता.

"होय की," ती म्हणाली. "ही आपली जुनी." आणि मग एक बाजू उघडली.